बाराव्यानंतर

तळघराच्या सात पायऱ्या. सहावी अजून कुरकुरते.
मार्च संपत आलाय, ऑस्टरडालेनमध्ये बर्फ
दिवसा घाम गाळतो आणि रात्री पुन्हा हाड होतो.
तुझं टेबल मी हलवलेलं नाही.
काटा झाकलेला, आईच्या जुन्या टोपीखाली.

झाडलेलं पितळ फेकायचं नाही, तू म्हणायचास,
ते या बंदुकीच्या घरात एकदा राहून आलंय,
अंधारातही त्याला भिंती ठाऊक आहेत.
दुकानातली काडतुसं म्हणजे
सगळ्यांच्या मापाचे बूट:
चालता येतं, नाचता येत नाही.

आठ वर्षांची असताना मला नोकरी होती.
पुंगळ्यांच्या ओठांवरून बोट फिरवायचं,
चीर लागली की बाजूला ठेवायची.
बोट बारीक, म्हणून नेमणूक.
पगार एक कॅरॅमल, चुकून दोन.
तू काट्यापाशी, चिमट्यात दारूचा एकच दाणा,
काळा, तुटक्या काडीसारखा, राईहून हलका.
तो पडायचा. काटा झुलायचा,
विचार करायचा,
रेघेवर थांबायचा.
मग तू श्वास सोडायचास. मग मी.

या डबीवर तुझी पेन्सिल:
"ऑक्टोबर. वीस नग. एल्कसाठी नाही, कागदासाठी."
एकही झाडलेलं नाही.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तीनशे मीटरवर
तुझ्या पाच गोळ्या, ज्या एका नाण्याखाली झाकल्या जायच्या,
वारा न लागताच पांगल्या.
तू म्हणालास, नळी झिजली.
टोर्लाइफनं तिच्यात डोळा घालून पाहिलं,
मान हलवली (तो कशालाही मान हलवतो).
होडीचं इंजिन विकून नवी नळी आली.
तीही तशीच.
मग तू म्हणालास, डोळे गेले,
आणि आम्ही तुला चष्मा आणला.

आई म्हणते, ती डबी पोलिसांकडे देऊन टाक.
मी एकेक उघडते आहे.
हातोडी ओंडक्यावर आपटायची,
गोळी सुटते, दारू वाटीत सांडते,
वाटी काट्यावर.

पहिलं: रेघेवर.
दुसरं, तिसरं, सातवं: रेघेवर.
काटा इतका निश्चल की मला वाटलं अडकलाय,
फुंकर मारून पाहिली.
बारावं: रेघेवर.

तेरावं वर गेलं.
मी पुन्हा मोजलं.
चौदावं खाली.
सोळावं अर्ध्या गुंजेनं कमी,
सतरावं तेवढ्यानंच जास्त,
जणू त्यानं शेजाऱ्याचं उसनं घेतलं होतं.
विसाव्याचं मी मोजलं नाही.

वहीत पाहिलं. ऑक्टोबरच्या पानावर
आकडे बारापर्यंत,
पलटलं तर नुसत्या रेघा.
पट्टीशिवाय ओढलेल्या, एकाखाली एक,
वरच्या जरा सरळ,
खालच्या पाण्यातल्या सावलीसारख्या.
तू परीक्षा घेत बसला होतास. एकटाच.
कॉफी तू अर्धाच कप घ्यायला लागलास तेव्हा
मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल.
माझ्या लग्नात तू दोन्ही हातांनी ग्लास धरलास,
सगळे म्हणाले, किती नम्र माणूस.

तेरापासून वीसपर्यंत
तू थांबू शकला असतास.
डबी भरायची होती, एवढंच.

वीस पुंगळ्या आता पुसून उभ्या आहेत.
ओठांवरून बोट फिरवलं; बोट जाड झालंय,
तरी एका मानेवरची चीर कळली. ती बाजूला.
उरल्या एकोणीस.
चिमटा उचलण्याआधी
मी माझा हात दिव्याखाली धरून पाहिला,
बराच वेळ.

जुनी नळी कोपऱ्यात तेलाच्या फडक्यात उभी आहे.
शनिवारी टोर्लाइफ येईल ती परत बसवायला.
का, ते विचारेल.
काय सांगायचं, ठरवलेलं नाही.
इतकी वर्षं तिच्यावर आळ होता,
तीही कुठे काही बोलली.